धक्क्याखालचा एक खांब आणि वीस मिनिटं

तारकर्लीत डायव्हिंग शिकलेल्या माणसाला मेलबर्नचं पाणी पहिल्याच बुडीत ताळ्यावर आणतं. मार्च महिना, म्हणजे इथला उन्हाळा नुकताच सरलेला. मनगटावरच्या कॉम्प्युटरवर १९ अंश, आणि मेव्हणा म्हणतो, "आज मस्त गरम आहे!" हिवाळ्यात हेच पाणी ११ च्या आसपास जातं. सात मिलिमीटरचा सूट, हुड आणि हातमोजे घ्याच. तेवढ्या जाड सुटाला शिशाचे पट्टेही जास्त लागतात. ते आधी उथळ पाण्यात जोखून घ्या, नाहीतर माझ्यासारखे बुचासारखे वर तरंगत बसाल.

जागा ब्लेअरगौरीची जेटी. मेलबर्नहून गाडीने सव्वा-दीड तास, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर, पोर्ट फिलिप उपसागराच्या आतल्या बाजूला. खोली सात-आठ मीटरच्या आतच, त्यामुळे एका टाकीत तास सहज निघतो.

आमचा पहिला शनिवार वाया गेला. वारा उत्तरेचा होता, तो थेट जेटीवर येतो. खाली हाताची बोटं दिसेनात. आता नियमच केलाय: वारा दक्षिणेचा हवा, आणि भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरायचं. भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं, बास सामुद्रधुनीचं, स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला उपसागरातलं गढूळ पाणी बाहेर निघतं.

दुसऱ्या खेपेला मी दहा मिनिटं नुसता पाय मारत सुटलो. लाकडं, शिंपले, वाळू. एवढ्यासाठी पहाटे उठलो? मेव्हण्याने माझा फिन धरून ओढलं आणि एका खांबावर टॉर्च धरला. खांब कसला, नारिंगी-जांभळ्या स्पंजांनी लगडलेली भिंत ती! त्यात निळसर हिरवा झुपका, शेवाळ वाटावं असा, पण ती असते बारीक प्राण्यांची वसाहत, ब्रायोझोआ. आणि तिच्यावर बसून तीच चरणारा एक न्यूडिब्रँक, म्हणजे शंख टाकून दिलेली समुद्री गोगलगाय: करंगळीच्या दोन पेरांएवढा, हळदीसारखा पिवळाधमक, अंगावर निळे ठिपके. झुपका सापडला की गोगलगाय शोधायची, ही युक्ती नंतर दोनदा कामी आली.

दोन हात खाली एका दोरीला शेपटीचा वेढा घालून समुद्रघोडा. इथली जात मोठ्या पोटाची, तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. हा नर होता, पोटाशी पिशवी. पिल्लं तोच वाढवतो. कॅमेरा पुढे केला की गडी पाठ फिरवी. त्याला बोटाने वळवायचा मोह आवरा, इथल्या व्हिक्टोरिया राज्यात त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्या एका खांबापाशी आमची वीस मिनिटं गेली.

तळाशी पडलेली बाटली, डबा, रिकामा शिंपला उचलू नका. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस त्यात लपतो. दिसायला लिंबाएवढा, पण विषावर उतारा नाही.

वर माणसं माखुलासाठी गळ टाकून बसलेली असतात. ती वैतागतात, आणि त्यांचंही चूक नाही. उतरायच्या आधी दोन शब्द बोलून घ्या, कुठल्या बाजूला जाताय ते सांगा. अडकलेल्या तंगुसासाठी कातर किंवा सुरी हाताशी ठेवा. शेजारीच यॉटचा तळ आहे, म्हणून 'खाली डायव्हर आहे' सांगणारा निळा-पांढरा झेंडा लावा आणि वर यायचं ते जेटीखालूनच, बोटींच्या वाटेत नाही.

मे ते जुलैमध्ये कधीतरी या भागात मोठे कोळी-खेकडे कात टाकायला ढिगांनी जमतात. त्या वेळी पाणी गार आणि जेटीवर गर्दी, तरी मी जाणार आहे. टॉर्च दोन न्या. आमचा एक अर्ध्यात विझला, आणि खांबाच्या सावलीत टॉर्चशिवाय सगळे रंग राखाडीच दिसतात. थर्मासात आल्याचा चहाही असू द्या. सूट उतरवताना बोटं झिप धरायला तयार नसतात.