टपरीवरचा आमदार

आज दुपारी एरंडोलहून येताना पाळधीच्या अलीकडे एका पानटपरीवर थांबलो. टपरीवाल्याचा पोरगा पानाला कात लावत होता, बारावीचं वय असेल. शेजारी उभे एक काका त्याला बोलले, "शिक रे काहीतरी, टपरीवर बसून काय आमदार होणारे का?"

आता हे पाळधीजवळ बोलायचं म्हणजे! पोरगा मान वर न करता म्हणे, "झाले ना भो, आपल्याच गावात झाले."

सगळे हसले. गुलाबराव पाटलांची पानटपरी होती हे इकडं शेंबड्या पोरालाही माहितीये. 1999 ला पहिल्यांदा आमदार, 2009 ला पडले, 2014 ला परत आले, मग पाणीपुरवठा मंत्री. विरोधक टोमणा म्हणून पानटपरीवाला म्हणतात अन् ते स्वतः स्टेजवरून तेच अभिमानाने सांगतात, शब्द एकच.

पण हसू ओसरल्यावर बाप ओल्या फडक्याने लाल झालेला पाट पुसत हळूच बोलला, "ते एक झाले भाऊ. बाकी आम्ही अजून चुनाच लावतोय."

तेच डोक्यात बसलंय. विधानसभेची अनामत 10 हजार, ती कशीबशी भरेल तो, पण खर्चाची मर्यादाच 40 लाख आहे अन् कागदाबाहेर काय चालतं ते आपण सगळे बघतोच (जेवणावळी, गाड्या, पुढचं बोलत नाही). आज त्या पोराला उभं राहायचं म्हटलं तर फॉर्मवर सही करायला सूचक तरी कोण मिळेल?

पान मात्र झकास लावलं होतं पोराने.