तुम्ही विचारलंत म्हणून : इलेक्ट्रिकलमध्ये आता नवे काय राहिले आहे?

जून महिना आला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकावा लागतो. गेल्या वर्षी तो पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांनी सर्वांत स्वच्छ शब्दांत विचारला. ते म्हणाले, "मॅडम, मुलीला कॉम्प्युटर मिळत नाही, इलेक्ट्रिकल मिळते आहे. पण तार, खांब, डीपी, मोटर हे तर माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे. त्यात आता नवे काय राहिले आहे? संशोधन सगळे कॉम्प्युटरमध्येच चालते ना?" मुलगी शेजारी बसून ऐकत होती. त्या दिवशी मी चहाच्या एका कपात मावेल एवढेच उत्तर दिले आणि ते अपुरे आहे हे मला तेव्हाच जाणवले होते. तुम्ही सगळेच विचारता म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझे बालपण नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत गेले आणि बाबा तिथे कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे माझ्या उत्तराची सुरुवात तिथूनच होते. तिथल्या वीज तयार करणाऱ्या २१० मेगावॉटच्या संचाचा रोटर, म्हणजे फिरता भाग, मिनिटाला ३,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते ती यामुळेच. राज्यात विजेचा तुटवडा असला की संध्याकाळी कंट्रोल रूममधला वारंवारतेचा काटा ४८.५ च्या आसपास उतरायचा आणि बाबा घरी येऊन "आज काटा खाली बसला होता" एवढेच म्हणायचे. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे पदवीच्या तिसऱ्या वर्षी कळला. मागणी वाढली किंवा कुठे एखादा संच ट्रिप झाला, तर बॉयलरमध्ये जादा कोळसा पडून जादा वाफ तयार व्हायला वेळ लागतो. पण दिवे मात्र त्याच क्षणी जादा वीज मागतात. मधल्या काळातली ही उधारी फिरत्या लोखंडाने भागवायची असते. रोटर किंचित मंदावतो आणि आपल्या गतीतली ऊर्जा जाळ्याला देतो. अशा संचाच्या फिरत्या वजनात त्याच्या पूर्ण क्षमतेची काही सेकंदांची वीज साठलेली असते, आणि त्या काही सेकंदांवर जगभरातल्या वीज जाळ्यांचे सारे शास्त्र शंभर वर्षे उभे होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, तेव्हापासून तर देशभराच्या जाळ्यात एकच वारंवारता आहे आणि असे सगळे रोटर एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवून फिरतात.

सौर पॅनेलमध्ये असे काहीही फिरत नाही. पॅनेल डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देते, इन्व्हर्टर तिची एसी म्हणजे लाटेसारखी दिशा बदलणारी वीज करतो, आणि आज बसवलेले बहुतेक इन्व्हर्टर हे काम जाळ्यातली लाट 'ऐकून' करतात. समोर ५० हर्ट्झची लाट आहे असे दिसले की ते तिच्या तालात आपला प्रवाह सोडतात. त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिच्या दिंडीतले टाळकरी आठवा. पखवाज वाजत असेल तर शंभर टाळ एका ठेक्यात पडतात. टाळकरी वाढत गेले आणि पखवाजी एकेक करून कमी होत गेले, तर एक वेळ अशी येते की प्रत्येक जण शेजाऱ्याचे ऐकून वाजवतो आणि मूळ ठेका कोणाकडेच नसतो. दिवसा शेतीला सौर वीज मिळावी म्हणून आपल्याकडे सौर फीडर उभे राहत आहेत. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून उठून बागेत पंप सुरू करायला गेलेल्या माणसाला ही केवढी मोठी सुटका आहे, हे मला वेगळे सांगायला नको. परंतु जाळ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यातला प्रत्येक इन्व्हर्टर हा टाळकरी आहे.

म्हणून इन्व्हर्टरलाच पखवाजी करता येईल का, हा आजच्या संशोधनातला मोठा प्रश्न आहे. याला 'ग्रिड फॉर्मिंग' असे म्हणतात. असा इन्व्हर्टर दुसऱ्याची लाट ऐकत बसत नाही, स्वतः लाट निर्माण करतो, आणि भार वाढला की रोटरसारखी आपली वारंवारता जाणीवपूर्वक थोडी खाली आणतो, म्हणजे शेजारच्या इन्व्हर्टरला आपोआप कळते की आता त्यानेही थोडा भार उचलायचा आहे. लोखंडाच्या अंगी जो गुण जन्मजात होता, तो इथे प्रोग्रॅमच्या ओळींतून आणायचा आहे. एक इन्व्हर्टर असा चालवणे आता अवघड राहिलेले नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे, आतला प्रोग्रॅम एकमेकांना न दाखवणारे हजारो इन्व्हर्टर एका जाळ्यावर आले की ते एकमेकांशी झगडून झोके घेऊ लागतील की नाही, हे आधी सिद्ध करणे अवघड आहे, आणि त्याचे गणित अजून पूर्ण झालेले नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही 'सौर विजेत जडत्व (म्हणजे फिरत्या लोखंडाचा तो गती टिकवणारा गुण) नाही म्हणून झाले' असा निवाडा त्याच संध्याकाळी लागला होता. नंतर आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालात मात्र व्होल्टेज आवाक्याबाहेर वाढत जाऊन एकामागून एक केंद्रे सुटत गेल्याचे म्हटले आहे. जडत्वाचा प्रश्न खराच आहे, पण प्रत्येक अपयश त्याच्या खात्यावर मांडणे मला पटत नाही.

माझा स्वतःचा विषय याच्या शेजारचा आहे, म्हणून तिथे थोडे अधिक रेंगाळते. शिकवायला लागण्यापूर्वी मी सहा वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात संरक्षक रिले तपासण्याचे काम केले. रिलेचे जुने तत्त्व साधे आहे. कुठे शॉर्ट झाले की जनित्र नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओतते, रिलेला तो पूर दिसतो आणि तो ब्रेकरला उघडायला सांगतो. इन्व्हर्टर असा पूर आणू शकत नाही. त्याच्या आतला अर्धवाहक स्विच नखाएवढा असतो, शॉर्टचा पूर्ण प्रवाह तो काही मायक्रोसेकंदच सोसतो, आणि म्हणून स्वतःला वाचवण्यासाठी इन्व्हर्टर आपला प्रवाह नेहमीच्या सव्वा ते दीड पटीवर अडवून धरतो. परिणामी तार तुटून जमिनीवर पडलेली असताना रिलेला वाटते की कोणीतरी एक मोटर जास्त लावली असावी. रिलेने मग काय पाहावे? प्रवाहाचा आकडा सोडून त्याची दिशा पाहावी, दोन टोकांतला फरक पाहावा, की फॉल्टच्या जागेपासून तारेवरून धावत येणारी लाट पाहावी? आम्ही ज्या सेटिंगच्या तक्त्यांवर विश्वास ठेवून रिलेवर सील लावत होतो, त्यातले काही तक्ते सौर फीडरवर निरुपयोगी ठरतात, हे कळले तेव्हा मला एकाच वेळी ओशाळल्यासारखे झाले आणि आनंदही झाला. विषय संपला असे ज्याला वाटत होते, त्याच्याच पायाखालची फरशी निघाली होती.

त्या नखाएवढ्या स्विचबद्दलही सांगितले पाहिजे. तुमच्या घरातला इन्व्हर्टर एसी, विजेवरची गाडी, सौर पंपाचा कंट्रोलर यांत बहुधा आयजीबीटी किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो. १९८० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये हा स्विच प्रत्यक्षात आणणारे बी. जयंत बालिगा हे मद्रास आयआयटीचे १९६९ चे पदवीधर आहेत, आणि त्यांना २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी आपल्याकडे फार कोणी वाचली नसावी. आता सिलिकॉनच्या जागी सिलिकॉन कार्बाइड येत आहे. ते सिलिकॉनच्या सुमारे दहा पट तीव्र विद्युतक्षेत्र सोसते, म्हणून स्विचचा थर पातळ करता येतो आणि त्यात वाया जाणारी वीज घटते.

आता कॉम्प्युटरकडे येते, कारण बागायतदारांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले होते, की ती वेगळी विद्या आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने १९७५ सालीच आपल्या इलेक्ट्रिकल विभागाच्या नावात कॉम्प्युटर सायन्स जोडले आणि दोघांना एकाच छपराखाली ठेवले. आपण प्रवेशाच्या अर्जावर त्यांना दोन रकान्यांत टाकतो. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, लहान करत गेलो आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत गेलो, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरची उष्णता तेवढीच राहते. या नियमावर तीस वर्षे कॉम्प्युटर दर दोन-चार वर्षांनी वेगवान होत गेले. २००५ च्या आसपास व्होल्टेज आणखी उतरवणे थांबले, कारण बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह झिरपू लागला होता. तुमच्या लॅपटॉपचा वेग अजूनही तीन-चार गिगाहर्ट्झच्या घरातच का घुटमळतो, त्याचे कारण हे आहे.

त्याहून मला अधिक चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठी मांडलेला हिशेब सांगतो की ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला ०.१ पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग) ऊर्जा लागते, आणि तोच आकडा बाहेरच्या मेमरीतून आणायला त्याच्या हजारो पट. कांदा चिरायला क्षणभर लागतो, पण प्रत्येक कांद्यासाठी लासलगावला गाडी पाठवायची, असा हा संसार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम म्हणजे अब्जावधी गुणाकार आणि बेरजा, त्यामुळे तिथे जळणारी पुष्कळशी वीज विचार करण्यात जात नाही, वाहतुकीत जाते.

यावर एक उपाय असा, की कांदा चाळीतच चिरावा. आकडा मेमरीत साठवायचा तो एका रोधाच्या रूपात. त्यावर व्होल्टेज दिले की ओहमच्या नियमाने जो प्रवाह निघतो तोच गुणाकार; एका तारेवर अनेक रोधांचे प्रवाह एकत्र आले की किरचॉफच्या नियमाने तीच बेरीज. पहिल्या वर्षाची मुले हे दोन नियम पाठ करून परीक्षा देतात आणि विसरतात. असा रोध तयार करण्यासाठी जे 'मेमरिस्टर', म्हणजे दिलेली किंमत लक्षात ठेवणारे रोध, लागतात, त्यांची कल्पना लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मांडली, एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये ती पातळ थरात दाखवली, आणि २०२४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने रेणूंच्या थरापासून असा घटक केला, ज्यात सुमारे १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या साठवता येतात. ही १४ बिटांची अचूकता आहे आणि ती खरोखर मोठी मजल आहे. तरीही 'आता सिलिकॉन संपले' अशा मथळ्यांपासून मी विद्यार्थ्यांना सावध करते. या तारांवरचा प्रवाह पुन्हा आकड्यात आणण्यासाठी जो रूपांतरक लागतो, तोच वाचवलेल्या विजेतला बराच वाटा खाऊन टाकतो, आणि या क्षेत्रातली अर्धी लढाई त्या रूपांतरकाशी आहे.

आणि मग दोन्ही बाजू समोरासमोर येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एनव्हिडियाची एच१०० ही चिप ७०० वॉट घेते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या एका दणकट मिक्सरइतकी. फरक एवढाच की मिक्सर २३० व्होल्टवर तीन अँपिअर घेतो आणि चिप एका व्होल्टहूनही कमी दाबावर काम करते, त्यामुळे तळहाताएवढ्या जागेत शेकडो अँपिअर पोहोचवावे लागतात. ते कसे पोहोचवायचे, हा कॉम्प्युटर कंपन्यांचा प्रश्न आहे आणि तो शुद्ध इलेक्ट्रिकलचा आहे. मेटा कंपनीने लामा ३ या भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलवरच्या २०२४ च्या शोधनिबंधात नमूद केले आहे की हजारो चिप एकाच वेळी थांबल्या किंवा एकाच वेळी सुरू झाल्या, की वीज मागणीत क्षणार्धात दहा-दहा मेगावॉटच्या पटीत झोके बसतात. बाबांच्या २१० मेगावॉटच्या संचासमोर असा भार ठेवला असता, तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. गंमत अशी, की भाषेचे हे प्रचंड कारखाने ज्या रचनेवर चालतात तिचे नाव ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ते कारखाने उभे करताना खोळंबा होतो तो दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमुळे, ज्याला आपण रोहित्र म्हणतो, गावात डीपी म्हणतात, आणि ज्याच्या मोठ्या आकारासाठी काही देशांत दोन-दोन वर्षे थांबावे लागते.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले होते, की इलेक्ट्रिकल घे, पण प्रोग्रॅमिंग सोडू नकोस, आणि कंट्रोल सिस्टीमचा विषय आला की तो कंटाळवाणा आहे असे सांगणाऱ्या सीनियरचे ऐकू नकोस. तिने जाताना विचारले होते, की ढग आला की बाबांचा सौर पंप थांबतो आणि ढग गेल्यावर मिनिटभराने सुरू होतो, तो लगेच का सुरू होत नाही. वडिलांनी तिला गप्प केले. मला मात्र त्या तासाभरातला तोच खरा प्रश्न वाटला. कंट्रोलर मुद्दाम थांबतो. ढगाच्या कडेवर ऊन येत-जात असताना पंप सारखा चालू-बंद झाला तर मोटर तापते आणि पाण्याचा दणका पाइपाला बसतो. पण नेमके किती थांबावे, हे आज बहुतेक ठिकाणी कोणीतरी अंदाजाने ठरवलेला एक स्थिर आकडा आहे.

यंदा आमच्या प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी दोन छोटे ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टर एकमेकांना जोडले आहेत. दोघे भार वाटून घेतात, आणि अचानक भार वाढवला तरी सावरतात. मुद्दाम शॉर्ट दिला की मात्र दोघेही आपापला प्रवाह आवरून धरतात, आणि सातपूरहून मी मागून आणलेला जुना रिले शांतपणे हिरवा दिवा दाखवत राहतो.