एवढ्याशा गोधडीला तीन महिने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाचीच्या बाळाची गोधडी ज्यांनी ज्यांनी हातात घेतली, त्यांनी आधी ती गालाला लावली आणि मग हेच विचारलं: एवढीशी तर आहे, तिला तीन महिने कसे लागले? त्यातून आपण सोलापूरचे. चादरी-टॉवेलांचं गाव. नव्या पेठेत चक्कर मारली तर तासाभरात बाळासाठी मऊसूत काहीतरी घेऊन घरी येता येतं.

शिवायला तीन महिने लागत नाहीत. धुवायला, मांडायला आणि उसवायला लागतात.

बाळाची गोधडी रोज धुतली जाते, कधी दिवसातून दोनदा. म्हणून मी रंगांच्या आधी धुण्याचा विचार करते. जे कापड आटायचं ते माझ्या बादलीत आटू दे, जो रंग जायचा तो माझ्या मोरीत जाऊ दे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात 36 इंचांमागे इंच-दीड इंच सहज आटतं. आईनं वीस वर्षं नेसलेलं लुगडं मात्र आता काडीभरही आटत नाही. ही दोन्ही न धुता शेजारी शेजारी जोडली, तर पहिल्याच धुण्यात कोरं कापड आखडतं आणि जुन्याला शिवणीपाशी चुण्या पडतात. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी घरची धुणी आधी, गोधडीचे तुकडे नंतर. तीनदा धुवायचं म्हटल्यावर पंधरा-वीस दिवस तिथेच गेले. लाल रंगाची मला फार धास्ती. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघायचं, रुमाल गुलाबी झाला की तुकडा पुन्हा बादलीत.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. ओळखीच्या एका ठिकाणाहून मला कटपीस मिळतात, पण त्यातलं सगळं घेता येत नाही. एक धागा काढून जाळून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत विरते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. मणी झाला की तो तुकडा बाजूला. पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट टिकतं खूप, पण घाम टिपत नाही. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 पर्यंत जातो.

मधल्या थराला जुनी सोलापुरी चादर घाल, असं बऱ्याच जणींनी सुचवलं. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, मलाही तिचा अभिमान आहे. पण जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, वीण इतकी भरीव असते की तीन थरांतून सुई ओढता ओढता बोटं सोलतात, आणि भिजली की बाळंतिणीला ती पिळवत नाही. मी वडिलांचं धोतर दुपदरी घातलं. खाली अस्तराला आईचं लुगडं.

मांडणी साधीच ठरवली होती: 6 इंची 30 चौकोन, रुंदीत 5, लांबीत 6, म्हणजे 30 बाय 36. आणि पहिल्या झटक्यात मी चौकोन 6 इंचांचेच कापले! चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे कापताना साडेसहा हवेत. तसेच जोडले असते तर रुंदी अडीच इंच आणि लांबी तीन इंच कमी भरली असती. ती कमी मला चालली असती, पण वडिलांच्या निळ्या शर्टाचं कापड संपलं होतं, याचं वाईट वाटलं. कपाटातला दुसरा शर्ट काढून पुन्हा कापायला बसले.

मग आठवडाभर चौकोन मधल्या खोलीतल्या फरशीवर पसरून ठेवले होते. येता-जाता एखादा इकडचा तिकडे. शेजारच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. त्या दारातून बघून म्हणाल्या, "बोंत चांगली होईल, पण सगळा अंधार एका कोपऱ्यात गेलाय." मी गोधडी म्हणते, माझी आजी वाकळ म्हणायची, समोरच्या कानडी मावशी कौदी म्हणतात, नजर सगळ्यांची तीच. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा केला, तर अक्कांचं शब्दशः खरं. जांभळा, गडद हिरवा आणि निळा रंगानं वेगळे, पण काळोख सारखाच. रंगापेक्षा उजेड-अंधार वाटून द्यावा लागतो, हे मला त्या फोटोनं शिकवलं. आईच्या इरकलीचा लाल पदर मधोमध आला. अंग सुती असलं तरी तो पदर रेशमाच्या जातीचा, कापला की कडेचे धागे सुटतात. त्याला मागून मलमल लावून मगच जोडला.

टाके साधे धावदोऱ्याचे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक चूक मात्र सांगते. आजी कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घेत आत यायची. मीही तसंच केलं, आणि शेवटच्या फेऱ्यांत सगळं ढिलं कापड मधे गोळा होऊन फुगा आला. आजी प्रत्येक फेरीनंतर तळव्यानं कापड का सारायची, ते त्या दिवशी कळलं. दोन संध्याकाळी उसवलं, मधून बाहेर कच्चे टाके घातले आणि मग पुन्हा सुरुवात केली.

गोट, म्हणजे कडेला लावायची पट्टी, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण धुताना आधी झिजते ती कड. चारी बाजू मिळून 132 इंच, वर दहा-बारा इंच जोडांसाठी. अडीच इंचांची पट्टी दुहेरी दुमडून घेतली. कडा सरळ होत्या म्हणून उरेब, म्हणजे कापडाला तिरपी, कापली नाही. पट्टीचे जोड तिरपे घेतले, म्हणजे जाडी एका जागी साठत नाही. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबायचं, पट्टी वर तिरपी दुमडायची, मग कडेला धरून खाली आणायची. मागून हातानं हेम घालताना कोपऱ्यात टोकदार घडी आपोआप बसते. पहिला कोपरा तीनदा उसवला. बाळाची बोटं तिथेच जाणार, तिथे गाठ टोचायला नको.

सगळं झाल्यावर शेवटचं एकदा कोमट पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. टाके कापडात रुतले, चौकोनांना बारीक सुरकुत्या आल्या. मोजली तर साडेएकोणतीस बाय साडेपस्तीस. अर्धा इंच दोऱ्यानं ओढून घेतला होता. रंग कुठेच उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी घडी करून भाचीकडे पोचवली.