फाइल सेव्ह होत नाहीये? आधी ती उघडीच राहू द्या

फोटोशॉपसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करताना एरर आली की बहुतेक जण सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करतात. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. त्या क्षणी तुमचं ताजं काम रॅममध्ये आणि स्क्रॅच डिस्कवर (प्रोग्राम चालू असताना तात्पुरत्या कामासाठी वापरतो ती डिस्कवरची जागा) असतं. डिस्कवरची फाइल शेवटच्या यशस्वी सेव्हची, म्हणजे जुनी. प्रोग्राम बंद केलात की ताजं काम बहुधा गेलंच. त्यामुळे 'प्रेफरन्सेस रीसेट करा', 'मशीन रीस्टार्ट करा', 'अपडेट टाका' हे सल्ले चुकीचे नसले तरी त्यांची पाळी शेवटी येते. आधी काम कुठेतरी सुखरूप उतरवायचं, दुरुस्ती नंतर.

सेव्ह म्हणजे जुन्या फाइलवर थेट नवी माहिती लिहिणं, असं वाटतं. फोटोशॉप तसं करत नाही. ते आधी एक तात्पुरती टीएमपी फाइल लिहितं, ती पूर्ण लिहून झाली की जुनी फाइल बाजूला काढतं आणि नव्या फाइलला तिचं नाव देतं. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी, हा त्यामागचा हेतू. निम्म्या एरर या एका गोष्टीतून उलगडतात. दीड जीबीची फाइल सेव्ह करताना काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती डिस्कवर असतात, त्यामुळे 'डिस्कवर दोन जीबी आहेत की' म्हणून भागत नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असेल पण डिलीट करायची नसेल, तर तात्पुरती फाइल तयार होते, अदलाबदल मात्र अडते आणि फोल्डरमध्ये 'पीएस' अक्षरांनी सुरू होणाऱ्या टीएमपी फाइली साचत जातात. आणि जुनी फाइल त्या क्षणी दुसऱ्या कुणी धरून ठेवली असेल, मग ते क्लाउड सिंक असो, अँटीव्हायरस असो किंवा फाइल एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू पेन (बाजूला फाइलची झलक दाखवणारा भाग), तर 'फाइल लॉक आहे किंवा दुसरा प्रोग्राम ती वापरतोय' असा निरोप येतो.

म्हणून पहिली चाचणी ही: कंट्रोल+शिफ्ट+एस दाबा, मशीनच्या आतल्या ड्राइव्हवर एक नवा, साधा फोल्डर करा आणि फाइलला अगदी छोटं नवं नाव द्या. पेन ड्राइव्ह नको, नेटवर्क नको, डेस्कटॉपही नको, कारण विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हकडे वळवलेले असतात. सेव्ह झालं तर फाइल निर्दोष आहे, घोळ जागेत आहे. झालं नाही तर नवी कोरी फाइल उघडून एक रेघ मारा आणि ती त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा. कोरी फाइल सेव्ह झाली तर दोष तुमच्या डॉक्युमेंटमध्ये. तीही अडली तर परवानग्या, डिस्क किंवा खुद्द प्रोग्राम.

जागेचा दोष असेल तर काम सोपं आहे. विंडोजमध्ये प्रिव्ह्यू पेन ऑल्ट+पी दाबून बंद करा. हे क्षुल्लक वाटतं, पण एक्सप्लोररमध्ये पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, निवडलेली असली की तो पेन तिचं चित्र दाखवण्यासाठी ती उघडी धरू शकतो. सिंक थोडा वेळ थांबवून पाहा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण आहे का बघा. मॅकवर 'गेट इन्फो'मध्ये 'लॉक्ड'ची खूण काढा, आणि सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागात 'फाइल्स अँड फोल्डर्स'खाली तुमच्या सॉफ्टवेअरला त्या फोल्डरची परवानगी आहे याची खात्री करा. एनटीएफएस फॉरमॅट केलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅकला वाचता येते, पण वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. फॅट३२ पेन ड्राइव्हवर तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो, फक्त आधी आतला सगळा डेटा काढून घ्या.

विंडोजमधली एक अडचण मात्र भल्याभल्यांना सापडत नाही: 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. रॅन्समवेअरपासून (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) बचावासाठीची ही सोय चालू असेल, तर अनोळखी वाटणाऱ्या प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा फोल्डरमध्ये लिहू दिलं जात नाही. तुमचं सॉफ्टवेअर नुकतंच अपडेट झालं आणि त्यानंतर सेव्ह बंद पडलं, तर इथेच आधी बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन', आणि तिथल्या 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप'मधून प्रोग्राम जोडा. ही सोय बंद करून टाकू नका, ती कामाची आहे.

फाइलचं नाव आणि पत्ता हाही एक गुन्हेगार. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्राम अडतात. फोल्डरात फोल्डर, त्यात क्लायंटचं लांबलचक नाव, मग 'फायनल', मग 'फायनल नवीन'... ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. तारखेसाठी तिरपी रेघ, वेळेसाठी विसर्गासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह नावात चालत नाही.

दोष डॉक्युमेंटमध्ये असेल तर आधी आकार तपासा. पीएसडीची मर्यादा २ जीबी आणि प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेल. त्यापुढे पीएसबी, म्हणजे 'लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट', ज्याची मर्यादा ३,००,००० पिक्सेल. टिफमध्ये लेयरसकट ४ जीबीपर्यंत जाता येतं. मोठ्या बॅनरची फाइल दीड जीबीच्या पुढे गेली की मी तरी वाट न बघता ती पीएसबी करून टाकावी असंच म्हणेन.

आकार ठीक आहे आणि तरी 'प्रोग्राम एरर' येतेय? ही फोटोशॉपची सगळ्यात मोघम एरर. प्रेफरन्सेसमध्ये प्लग-इन्स विभागात 'एनेबल जनरेटर'ची खूण काढून पाहा. बदल लगेच लागू न होता पुढच्या वेळी प्रोग्राम उघडल्यावर लागू होऊ शकतो, म्हणून हे काम सुरक्षित झाल्यावर करायचं. उघड्या फाइलवर करण्याजोगा उपाय वेगळा आहे. सगळे लेयर निवडा, उजवी क्लिक करून 'डुप्लिकेट लेयर्स' घ्या, आणि खाली 'डॉक्युमेंट'च्या यादीत 'न्यू' निवडा. नवी फाइल सेव्ह करा. झाली तर सुटलात. नाही झाली तर अर्धेच लेयर नव्या डॉक्युमेंटमध्ये न्या आणि सेव्ह करा. मग उरलेले अर्धे. जो अर्धा अडतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. ६४ लेयरच्या फाइलमध्ये बिघडलेला एक लेयर सहा विभागण्यांत हाती लागतो. बहुतेकदा तो स्मार्ट ऑब्जेक्ट (आत वेगळी फाइल सामावलेला लेयर), एखादा बिघडलेला फाँट वापरणारा टेक्स्ट लेयर किंवा दुसऱ्या फाइलमधून ओढून आणलेला इफेक्ट निघतो. तेवढा एक रास्टराइझ करा, म्हणजे साध्या पिक्सेलच्या चित्रात बदला, किंवा नव्याने बनवा, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं.

स्मार्ट ऑब्जेक्टचं एक वेगळं दुखणं आहे. त्यावर डबल क्लिक केलं की आतला मजकूर सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल म्हणून उघडतो आणि सेव्ह केल्यावर मूळ फाइलमध्ये परत जातो. मधल्या काळात मूळ फाइल बंद केली किंवा सफाईच्या प्रोग्रामने टेम्प फोल्डर पुसला, तर परतीची वाटच राहत नाही. अशा वेळी आतली फाइल 'सेव्ह अ‍ॅज'ने दुसरीकडे ठेवा आणि मूळ फाइल उघडून 'रीप्लेस कंटेंट्स'ने बसवा.

'स्क्रॅच डिस्क फुल' आली की लोक प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दुसरा ड्राइव्ह निवडतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून गोंधळतात. तो बदल प्रोग्राम पुन्हा उघडल्यावरच लागू होतो. आत्ता, उघड्या फाइलसाठी, सध्याच्या स्क्रॅच ड्राइव्हवर जागा मोकळी करणं हाच मार्ग: रीसायकल बिन रिकामा करा, मोठे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. मग एडिट मेनूत 'पर्ज', त्यात 'ऑल'. याने हिस्टरी पुसली जाते, मागे जाता येणार नाही, पण जागा बरीच सुटते. हिस्टरी स्टेट्स मुळात ५० असतात. मोठ्या फाइलींवर काम करणाऱ्यांनी त्या २० वर आणाव्यात.

जेपीजी किंवा पीएनजी यादीत दिसतच नाही, ही तक्रार एररमध्ये मोडत नाही. मे २०२१ मधल्या २२.४ आवृत्तीपासून फोटोशॉपने 'सेव्ह अ‍ॅज' आणि 'सेव्ह अ कॉपी' वेगळे केले. लेयर असलेल्या फाइलची जेपीजी आता 'सेव्ह अ कॉपी'तून निघते. जुनी पद्धत हवी असेल तर प्रेफरन्सेसच्या फाइल हँडलिंगमध्ये लेगसी 'सेव्ह अ‍ॅज'ची खूण आहे. तिथेही पीएनजी दिसली नाही तर कलर मोड बघा, कारण पीएनजीला सीएमवायके, म्हणजे छपाईसाठीचा कलर मोड, चालत नाही.

इतर सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. इलस्ट्रेटर मेमरी कमी असल्याचं सांगत असेल, तर सेव्हच्या वेळी 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल'ची खूण काढा. फाइल हलकी होते, पण ती इनडिझाइनमध्ये नीट लागणार नाही, म्हणून हा उपाय तात्पुरता. इनडिझाइनची फाइल कुरकुर करत असेल तर आयडीएमएल या तिच्या दुसऱ्या फाइल-प्रकारात सेव्ह करून पुन्हा उघडा, आतला बराच कचरा गळून पडतो. कोरल ड्रॉमध्ये फोल्डरात 'बॅकअप ऑफ'ने सुरू होणारी फाइल शोधा. अ‍ॅफिनिटी हे सॉफ्टवेअर फाइलचे भाग गरजेप्रमाणे डिस्कवरून वाचत राहतं, त्यामुळे पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून उघडलेली फाइल मध्येच संपर्क तुटल्यावर सेव्ह होत नाही. आधी आतल्या ड्राइव्हवर कॉपी करूनच उघडा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची केआरए फाइल मुळात झिप असते. ती उघडत नसेल तर एक्सटेन्शन बदलून झिप करा, आत सगळे लेयर एकत्र केलेली पीएनजी सापडू शकते.

काहीच सेव्ह होत नसेल तर फोटोशॉपमध्ये कंट्रोल+ए, मग कंट्रोल+शिफ्ट+सी, नवी फाइल, पेस्ट. लेयर गेले तरी चित्र पूर्ण आकारात वाचतं. त्यानंतर ऑटोरिकव्हर फोल्डर उघडा, त्यात फोटोशॉप अधूनमधून आपोआप प्रत ठेवत असतं. विंडोजमध्ये अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅडोबी, मग तुमच्या आवृत्तीचं फोटोशॉप, आणि त्यात हा फोल्डर. अशी प्रत ठेवायची मुळातली सेटिंग दर १० मिनिटांची असते, ५ करून ठेवा. तिथल्या फाइलची वेळ ताजी असेल तर ती दुसरीकडे कॉपी करा. आणि फोटोशॉप बंद करणं अगदीच भाग पडलं, तर नेहमीसारखं बंद करून 'डोन्ट सेव्ह' म्हणू नका. तसं केलं की रिकव्हरीची फाइल पुसली जाते. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' करा. पुढच्या वेळी उघडल्यावर फोटोशॉप ती फाइल स्वतःहून समोर आणतं, आणि आली की लगेच नव्या नावाने सेव्ह करा.