तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रक पाठवायला पीएचडी कशाला?

मी लॉजिस्टिक्स शिकवते, म्हणजे माल कुठून कुठे, कधी आणि कसा न्यायचा याचं नियोजन. चवथीला गावी गेले की कुणीतरी विचारतंच, प्रवेशाच्या दिवसांत पालकही विचारतात, "मॅडम, ट्रक पाठवायला पीएचडी कशाला लागते?" दरवेळी दोन वाक्यांत वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

माझे बाबा गोव्यात कुडचड्याला खनिजाच्या टिप्परवर ड्रायव्हर होते. दहा टनी गाडी खाणीवर भरायची, काट्यावर तोलायची, झुवारीकाठच्या जेटीवर ओतायची. तिथून माल बार्जने, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीने, मुरगाव बंदराला. पैसे फेरीमागे. काट्यावर रांग लागली की एक फेरी बुडायची, आणि ती भरून काढायला बाबा गाडी पळवायचे. त्याच रस्त्याच्या कडेने आम्ही तोंडावर रुमाल धरून शाळेत जायचो. गाव ड्रायव्हरांना शिव्या घालायचं. काट्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा आम्हाला लॉजिस्टिक्स नावाचा पेपरच नव्हता. रांगांचं गणित मात्र होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी 1909 साली फोन कॉलसाठी त्याची सुरुवात केली. ते शिकताना मला सारखा काटाच दिसायचा. समजा, काट्यावर तासाला सरासरी 20 गाड्या तोलून होतात, पण गाड्या येतात कशाही, आणि तोलायलाही कधी कमी वेळ लागतो, कधी जास्त. तासाला 16 आल्या तर एका गाडीचा तिथे सरासरी पाव तास जातो. 18 आल्या तर अर्धा तास. 19 आल्या तर पूर्ण तास! मालकाला वाटतं, अजून एका गाडीची सोय आहे. तिकडे ड्रायव्हरची अख्खी फेरी गेलेली असते.

हा तक्ता मी बाबांना दाखवला. त्यांनी 19 वर बोट ठेवलं. "बंदरात जहाज लागलेलं असलं की हे असं."

प्रबंधासाठी मी दोन हंगाम काट्याशेजारच्या चहाच्या गाड्यावर बसून वेळा टिपल्या. तिसरा सुरू होण्याआधी, सप्टेंबर 2012 मध्ये, खाणी बंद झाल्या. पाऊस सरला तरी रस्ता रिकामाच. घराघरासमोर टिप्पर उभे, बँकेचे हप्ते मात्र चालू. विषय बदल, असा सल्ला मिळाला. मी बदलला नाही. ज्या माणसांच्या वेळेचा हिशोब मी मांडत होते, त्यांचं कामच गेलं होतं. निदान तो हिशोब तरी कुठेतरी लिहिलेला राहायला हवा, असं मला मनापासून वाटत होतं. प्रबंधाला दोन वर्षं जास्त लागली.

पुढची नोकरी, बढत्या, शोधनिबंध चारचौघांसारखेच. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. पुढे आमच्याकडेही हा अभ्यासक्रम निघाला आणि संख्याशास्त्राची मी लॉजिस्टिक्सची प्राध्यापक झाले.

पहिल्याच सत्रात मुलांना वही आणि घड्याळ देऊन पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजाराबाहेर उभं करते. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, एवढंच लिहायचं. गेल्या वर्षी एक मुलगी परत येऊन म्हणाली, "मॅडम, एक ड्रायव्हर विचारत होता, तू लिहितेस तो वेळ कुणाच्या खात्यात मांडतात?"

त्या वर्षी परीक्षेत मी हाच प्रश्न घातला, 20 गुणांना.