अण्णांची धाप

धाप लागलेल्या पेशंटच्या घरी जायचं असलं की मी पहिली भेट तीच ठेवते. दुखणं सोसत माणूस कशीबशी रात्र काढतो. श्वास पुरेनासा झाला की त्याला पुढचा क्षणच दिसत नाही, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच्याबरोबर वरखाली होत राहतो.

त्या दिवशी कराडच्या बाजूच्या एका गावात जायचं होतं. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, केमो थांबवलेली. मुलगा फोनवर म्हणाला होता, "मॅडम, मशीन लावलंय, पण अण्णांचा जीव घाबरा होतोय."

माजघरात दहाबारा नातेवाईक होते. वारं बाधेल म्हणून खिडक्या बंद आणि पंखाही बंद. अण्णा उशांवर मागे रेललेले, नाकात नळी, कोपऱ्यात भाड्याचं ऑक्सिजन यंत्र घरघरत होतं. "बसवत... नाही... झोपवत... नाही," एवढं बोलायला त्यांना चार श्वास लागले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९६. नळी काढून थोडा वेळ थांबले, तरी ९४. म्हणजे रक्तात ऑक्सिजन पुरेसा होता आणि तरीही माणूस गुदमरत होता.

घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. श्वास कमी पडतोय ही जाणीव मेंदूत तयार होते. छातीच्या स्नायूंना पडणारे कष्ट, फुप्फुसावरचा दाब, भीती, या सगळ्याचं मिळून ती धाप होते. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २३९ पेशंटांचा एक अभ्यास आला होता. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा घटलेला नव्हता. काहींना नळीतून ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा. थोडा आराम दोन्हीकडे पडला, पण ऑक्सिजनवाल्यांना जास्त पडला असं दिसलं नाही. ज्यांचा ऑक्सिजन खरोखर खाली गेलेला असतो त्यांची गोष्ट वेगळी.

मुलाला मी विनंती केली, सगळ्यांना ओसरीवर बसवा. आमच्या सिस्टरनी खिडकी उघडली, अण्णांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, पुढ्यात स्टूल ठेवून त्यावर उशी आणि उशीवर दोन्ही हात. असं पुढे झुकून बसलं की खांद्यांचा भार उतरतो आणि श्वासाच्या स्नायूंना जोर मिळतो. मग पिशवीतला बॅटरीचा छोटा पंखा नाकाच्या आणि गालांच्या आसपास धरला. तिथल्या त्वचेवर गार झुळूक लागली की चेहऱ्याच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला संदेश जातो आणि धापेची जाणीव कमी होते. पाचेक मिनिटांनी अण्णांनी सिस्टरच्या हातातून पंखा स्वतःकडे घेतला. खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

मग मी मॉर्फिनचं नाव काढलं, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, जे अगदी थोड्या डोसात धापेची जाणीवही कमी करू शकतं, आणि मुलगा मला दाराबाहेर घेऊन गेला. "ते दिलं की झोपेतच जातात म्हणे." ही भीती मला जवळपास प्रत्येक घरात भेटते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या कडक अटींमुळे मॉर्फिन कित्येक वर्षं गरजू पेशंटांपर्यंत पोचतच नव्हतं. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली, मनातली धास्ती तशीच आहे. मी त्याला सांगितलं, दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग देणार आहोत, किडनीचे रिपोर्ट पाहून. एवढ्याशा डोसापासून जपून चढत गेलं तर श्वास बंद पडत नाही. सुरुवातीला गुंगी येईल, मळमळेल. बद्धकोष्ठ हमखास होणार, म्हणून पोट साफ होण्याची गोळी आजपासूनच. आणि सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं नाही, हेही सांगितलं.

गोळी दिल्यावर आम्ही तिथेच थांबलो. तासाभराने अण्णा सुनेला म्हणाले, "यांना चहा दे की." पूर्ण वाक्य, एका दमात!

तेवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. उजव्या बाजूला खाली बोटांनी ठोकल्यावर बोदा आवाज येत होता. फुप्फुसाभोवती पाणी पुन्हा साठलं होतं. आधी दोनदा सुईने काढलेलं आठवडाभरात परत भरलं होतं. टाल्क पावडर घालून ती पोकळी चिकटवता येते, पण त्यासाठी फुप्फुस फुलून छातीच्या भिंतीला टेकावं लागतं, आणि अण्णांचं फुलत नव्हतं. अशा वेळी छातीत कायमची बारीक नळी ठेवून पाणी घरीच काढणं मला जास्त योग्य वाटतं. दरवेळी हॉस्पिटलची फेरी आणि सुई, हे या अवस्थेतल्या माणसाच्या वाट्याला का यावं?

दुसऱ्या दिवशी नळी बसवली गेली. पाणी कसं काढायचं, हात कसे धुवायचे, दुखलं किंवा खोकला आला तर कुठे थांबायचं, हे सुनेने सिस्टरकडून शिकून घेतलं. अण्णा त्यानंतर काही आठवडे होते. शेवटी ऑक्सिजन ८५च्या आसपास उतरला तेव्हा तेच भाड्याचं यंत्र पुन्हा लावलं, आणि आता ते लागणारच होतं. मॉर्फिनच्या वेळा मात्र मुलानेच सांभाळल्या. रात्री फोन करून विचारायचा, "मॅडम, धाप वाढलीय, मधला डोस देऊ का?"