शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस

दुपारची जेवणं झाली, भांडी तशीच ओट्यावर टाकून जरा आडवी झाले, फोन हातात घेतला आणि बघते तर मी यादीतून गायब.

यादी म्हणजे आमच्या 'एसएससी 88' ग्रुपवरची. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी भरीत पार्टी ठरलीय, अमळनेरला, एका पाटलाच्या मळ्यात. 'येणाऱ्यांनी आपापलं नाव खाली टाकावं, वांगी किती सांगायची ते कळेल.' मग एकानं एक नंबर घालून नाव टाकलं, दुसऱ्यानं ते कॉपी करून खाली दोन नंबर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोघं एकाच वेळी जुनी यादी उचलतात, दोघंही सतरा नंबर होतात, तिसरा येऊन त्यातली एकच यादी पुढे नेतो, आणि एक जिवंत माणूस कुणाला पत्ता न लागता पुसला जातो. मी सतरा होते. आता सतरावर मारवड पाटील होता.

परत नाव टाकायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. मी टाकलं नाही. हा माझा जुना आजार आहे. बघू तरी, म्हटलं, कुणाच्या लक्षात येतं का.

दोन तास झाले. यादी एकतीसवर गेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मारवड पाटील म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या वर्गात एकसष्ट पोरं, आणि त्यात तेवीस नंबरपासून चव्वेचाळीसपर्यंत सगळे पाटील. बावीस पाटील! त्यातल्या तिघांची नावं एकच, आणि त्या तिघांतल्या दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. मग पर्याय काय? कोण कुठल्या गावाहून एसटीनं येतो ते गाव हेच त्याचं नाव. मारवड, पातोंडा, जानवे, मांडळ. 'ए जानवे, डस्टर आण.' माझ्या फोनमध्ये आजही तालुक्याचा नकाशा सेव्ह आहे. पातोंड्याचा मुलगा अमेरिकेत गेला आणि मांडळची सून डॉक्टर आहे, असं मी बोलते तेव्हा नवरा शेजारी बसून नुसता बघत राहतो.

सर हजेरी नावानं घेतच नसत. नंबरानं. त्यांचाही इलाज नव्हता. मुलं-मुली एकाच यादीत, बसायला मात्र वेगळ्या रांगा. 'एक.' 'हजर सर.' 'दोन.' 'हजर सर.' पंचेचाळीस बडगुजर, शेहेचाळीस बोरसे, सत्तेचाळीस भदाणे, अठ्ठेचाळीस मी, भावसार. सत्तेचाळीस आमच्या शेजारी राहायची, मधे एक भिंत. वर्गातही माझ्या शेजारीच, मधे एक कंपास पेटी.

तिचं 'हजर' 'हाजीर' असायचं. सर रोज सुधारायचे, ती रोज हाजीर व्हायची. मी पाय ओढत येणारी. मिलचा भोंगा झाला तरी माझी वेणी व्हायची असे. मी पायऱ्यांवर असतानाच आतून माझा नंबर ऐकू यायचा आणि त्यामागून माझाच 'हजर सर'! म्हणजे माझा नाही, तिनं माझ्यासाठी काढलेला. हनुवटी खाली घालून, आवाज जरा बारीक आणि नाकातून. माझा आवाज नाकातून येतो हे मला तिच्यामुळे कळलं. हे सहा महिने तरी चाललं. मग एक दिवस मी लवकर आले, तिनं सवयीनं माझीही हजेरी दिली आणि मीही दिली. सरांनी मान वर केली. 'अठ्ठेचाळीस दोन कशा?' अख्खा वर्ग फळ्यापर्यंत हसला. आम्ही दोघी तासभर उभ्या.

नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. वडिलांना सुरतेला, उधन्याला काम लागलं. त्या वर्षी गल्लीतून तीन घरं गेली, तिसरं त्यांचं. आमच्याकडे सुरत तशी लांब नाही. जळगावपेक्षा आमच्या गल्लीला सुरतेच्याच बातम्या जास्त. पॅसेंजरमध्ये बसायचं, सकाळी उतरायचं, आणि उतरल्यावरही आजूबाजूला अहिराणीच ऐकू येते म्हणतात. सरांनी कॅटलॉगमध्ये तिच्या नावावर लाल शाईनं पट्टी धरून रेघ मारली. नंबर मात्र वर्ष संपेपर्यंत बदलत नाहीत. त्यामुळे पुढे रोज, 'शेहेचाळीस.' 'हजर सर.' मग एक छोटासा थांबा, सरांचं पेन रेघेवरून उडी मारतंय एवढा. 'अठ्ठेचाळीस.'

मला त्या थांब्यात हजर म्हणायची सवय लागली. दोन-तीनदा बोलणी खाल्ली.

आता मेळाव्यांचं. आमचे याआधी तीन झाले. 'गेटुगेदर' हा शब्द मला आवडत नाही, आणि त्यासाठी सगळ्या बायकांनी एका रंगाची साडी नेसणं त्याहून नाही, पण मी तिन्हीला गेले आणि तिन्हीला नेसले. पहिल्यात शाल-श्रीफळ, सत्कार, भाषणं. अमळनेरला भाषण म्हटलं की साने गुरुजी येणारच. गुरुजी 1924 ते 1930 इथं शिकवत होते, प्रताप हायस्कूलमध्ये. आमची शाळा ती नव्हे, आणि आमच्यातल्या सर्वांत मोठ्याचा जन्मही गुरुजी वारल्यानंतर वीसेक वर्षांनी झालेला. पण माईक हातात आला की प्रत्येक जण त्यांच्या पायाशी बसलेला असतो. एकानं तर, गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, तसाच आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे, असं सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळपासून ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि मूळव्याधीवरचे उपाय आले होते.

दुसरा विषय विप्रो. 1945 साली आमच्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ती उभी राहिली, हे तर खरंच. पण आमच्या बॅचच्या निम्म्या लोकांच्या आजोबांनी तिचे शेअर घेतले होते आणि ते सगळेच्या सगळे आजोबा मुलीच्या लग्नात विकून मोकळे झाले, हे कितपत धरायचं? दर मेळाव्याला त्या शेअरची आजची किंमत काढली जाते. फोनवर कॅल्क्युलेटर. मग क्षणभर सगळे गप्प बसतात, गेलेल्या माणसासाठी बसतात तसे.

आणि तिसरा विषय वांगं. त्यावर एकमत कधीच होत नाही. बामणोदचंच हवं, हिरवं-पांढुरकं, बोटांत न मावणारं. ते कपाशीच्या काड्यांवरच भाजायचं, गॅसवर भाजलं तर ते भरीत नव्हे, पथ्याचं जेवण. लाकडी भांड्यात ठेचायचं, मिरची-लसूण ठेचून घालायचा, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी की पुरी यावर पुन्हा दोन तट. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा ग्रुपवर इतकी अभिनंदनं झाली, जणू वांगी आमच्याच बॅचची.

हे सगळं चालू असताना मी दर वेळी एकदा विचारते, भदाणेचा कुणाला पत्ता आहे का? आणि दर वेळी अ‍ॅडमिन, तोही पाटीलच, कळमसऱ्याचा, म्हणतो, 'ताई, ती आपल्या बॅचची नाही ना. दहावीला कुठं होती?' वर्गात मला अठ्ठे म्हणून हाक मारणारा आता ताई म्हणतो. बरोबरच आहे त्याचं, ग्रुपचं नावच एसएससी 88. नववीत गेलेले, सातवीत जिनिंगवर लागलेले, आठवीच्या मे महिन्यात लग्न झालेल्या, हे कुठल्याच बॅचचे नाहीत. एकसष्टमधले दहावीला बसलो किती? मी मोजायला बसले होते त्या दुपारी, बोटांवर, आणि बारापर्यंत रिकाम्या जागा आठवल्यावर सोडून दिलं.

तिच्याबद्दल मला नेहमी आठवते ती कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. श्रावणातला रविवार, त्यांच्या ओसरीवर चौरंग, नारळाची कानबाई, तिला डोळे, नथ, आणि गल्लीतल्या बायकांचा रात्रभर धिंगाणा. आदल्या दिवशी तिची आजी, जिजी म्हणायचो आम्ही सगळे, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजत होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नवऱ्याच्या नावाची, मुलाच्या नावाची, दोन महिन्यांच्या नातवाच्या नावाचीसुद्धा. सत्तेचाळीस उकिडवी बसून ते बघत होती. मग तिनं हात पुढे केला आणि सुपातून एक मूठ उचलून त्या ढिगावर टाकली. 'हाई मनी.' जिजीनं तिच्या हातावर फटका मारला, आणि ती मूठ काही ढिगातून वेगळी काढता येईना. गव्हात गहू. तोंडानं पुटपुटत जिजीनं तसेच दळायला दिले. दुसऱ्या दिवशी बोरी नदीवर कानबाई बोळवायला गेलो तेव्हा तिनं मला कानात सांगितलं, या वर्षी माझापण रोट आहे. मला तिचा इतका हेवा वाटला होता!

तर त्या दुपारी यादीतून पुसली गेलेली मी, रागानं म्हणा, तिच्या भावाला फोन लावला. त्याचा नंबर माझ्याकडे तीन वर्षांपासून होता. एका लग्नात भेटला होता. त्यानं तिचा दिला. मी लगेच लावला. थांबले असते तर लावलाच नसता.

'कोन?' मागे टीव्ही, कुणीतरी गुजरातीत ओरडत होतं.

'अठ्ठेचाळीस बोलतेय.'

'काय?'

'अगं, अठ्ठेचाळीस. तू सत्तेचाळीस नाही का?'

'काय कोनतं सत्तेचाळीस?' फोन ठेवते की काय असं वाटलं. मग मी नाव सांगितलं, गल्ली सांगितली. 'भावसारनी पोर? मना नंबर कोनी दिधा वं तुले?' आणि ती हसायला लागली. तेच हसणं, फक्त जरा दम लागून.

नंबर तिला आठवत नव्हता. हजेरी आठवत नव्हती. 'मी देयेल शे हाजरी तुनी? काय माहीत माय.' कानबाईची मूठ तर अजिबातच नाही. अडतीस वर्षं मी हे सगळं चिरगुटात बांधून ठेवलेलं, आणि जिचं ते होतं तिच्याकडे काहीच नाही. साड्यांना टिकल्या लावण्यापासून सुरुवात केली, म्हणाली, आता मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात, नात दुसरीला. मग मीच विचारलं, तुला काय आठवतं गं गल्लीतलं?

तिला क्षणभरही लागला नाही. 'तुनी माय आमले नळवर पानी भरू देये नही.'

हसतच म्हणाली. त्यात राग नव्हता. उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, नळ आमच्या दाराशी, आणि आई आमची सगळी भांडी भरून होईपर्यंत त्यांची कळशी पायानं बाजूला सरकवायची. पायानं. तो आवाज मला त्या क्षणी ऐकू आला, फरशीवर पितळेची कळशी घासत गेल्याचा. म्हणजे माझ्याकडेही तो होताच. मी त्याला 'उन्हाळ्यात तेव्हा पाण्यावरून भांडणं फार व्हायची' असं नाव देऊन ठेवलं होतं. त्या रांगेत ती उभी असायची, रिकामी कळशी घेऊन, आणि मी आत वेणी घालून घेत असायचे.

आई आता नाही. तिच्या वतीनं काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी भरीत पार्टीचं बोलले. जानेवारी, दुसरा रविवार, बामणोदची वांगी.

'मी कोठे तुमना बरोबर दहावीले व्हतू,' ती म्हणाली. हे तिला बरोबर आठवत होतं.

'ये ना.'

'देखसू.'

अहिराणीत 'देखसू' म्हणजे हो असतं, नाहीही असतं. पोरगी बघायला आलेले लोकही उठताना तेच म्हणतात.

संध्याकाळी भांडी घासली. मग यादी उचलून खाली नाव टाकलं, 'भावसार, दोन.' लगेच कळमसऱ्याचा अंगठा आला आणि मागोमाग, 'वा ताई, या वेळी साहेबांना आणताय!' मी त्यावर काही लिहिलं नाही.

आज सकाळी यादी बेचाळीसवर होती. माझे दोन अजून तरी कुणी पुसलेले नाहीत. वांगी पंधरा किलो सांगितलीत म्हणे. बेचाळीस माणसांना पंधरा किलो! भाजल्यावर उरतं काय त्याचं? पुरणार नाहीत.